पाठीवरची पेढी
लांबच्या सफरीसाठी लॅपटॉपची सॅक : निवड, भरणी आणि कारागिरांना दोन शब्द

कापडाचा धंदा दुकानात बसून होत नाही. भिवंडीचा व्यापारी सुरतला जातो, मालेगावचा वाराणसीला आणि ईरोडला, सोलापूरचा अहमदाबादला. मोबाईलवर फोटो पाहून माल मागवण्याची सोय झाली आहे, हे खरे. तरी कापड चिमटीत धरून पाहिल्याशिवाय, उजेडात नेऊन रंग पारखल्याशिवाय आणि समोरच्या पेढीवर दोन घोट चहा घेतल्याशिवाय मोठा सौदा पक्का होत नाही. त्यामुळे सफर सुटलेली नाही. सफरीचे सामान मात्र पुरते बदलले आहे.

पंचवीस-तीस वर्षांपूर्वी व्यापाऱ्याच्या हातात रेक्झिनची बॅग असे. तिच्यात दोन जोड कपडे, वहीखाते, नमुन्यांचे तुकडे आणि कमरेच्या पट्ट्यात रोकड. आज वहीखाते लॅपटॉपमध्ये गेले. जीएसटीची बिले, ई-वे बिले, डिझाइनचे फोटो, कोणत्या गिऱ्हाईकाकडे किती उधारी आहे याचा तपशील, सारे त्या एका यंत्रात. म्हणजे पूर्वी बॅग हरवली तर कपडे आणि काही रक्कम जाई. आज बॅग हरवली किंवा भिजली तर सारी पेढीच अडचणीत येते. असे असूनही आमचे व्यापारी बंधू कापडाच्या एका थानावर तासभर घासाघीस करतात आणि ज्या सॅकमध्ये आपला धंदा भरून नेतात ती फुटपाथवर दोन मिनिटांत विकत घेतात. या लेखात सॅक कशी पारखावी, कशी भरावी आणि सफरीत कशी सांभाळावी हे सांगण्याचा आमचा इरादा आहे. सॅक शिवणारे कारागीरही या पानाचे वाचक आहेत. त्यांच्यासाठीही शेवटी काही सांगायचे आहे.

खांद्यावरून पाठीवर

सोबत नेता येईल असा म्हणून विकला गेलेला ऑसबर्न १ हा संगणक १९८१ साली बाजारात आला, तेव्हा त्याचे वजन सुमारे ११ किलो होते. आकार शिलाई मशीनच्या पेटीएवढा. पुढे यंत्रे हलकी होत गेली आणि १९८३ साली सुरू झालेल्या टारगससारख्या कंपन्यांनी खास संगणकासाठी बॅगा बनवण्याचा धंदा उभा केला. सुरुवातीच्या बॅगा ब्रीफकेससारख्या, हातात धरण्याच्या किंवा एका खांद्याला अडकवण्याच्या होत्या. त्यात साहेबी थाट होता, पण लांबच्या सफरीत तो थाट खांद्याला महाग पडतो.

कारण साधे आहे. एका खांद्यावर ओझे आले की शरीर तोल सांभाळण्यासाठी दुसऱ्या बाजूला कलते. तासभर चालल्यावर मान, खांदा आणि कंबर तिन्ही बोलू लागतात. तेच ओझे दोन्ही खांद्यांवर सारखे वाटले गेले आणि पाठीला चिकटून राहिले तर कणा सरळ राहतो. शिवाय दोन्ही हात मोकळे. एका हातात तिकीट, दुसऱ्या हातात डब्याचा दांडा, अशी वेळ आपल्याकडच्या स्टेशनावर रोजच येते. म्हणून दूरच्या सफरीला दोन पट्ट्यांची सॅकच योग्य आणि तीही दोन्ही पट्टे घालूनच वापरावी. एकच पट्टा खांद्यावर टाकून चालण्याची पोरांची ऐट पन्नाशीच्या पाठीला परवडत नाही.

आधी वजनाचा हिशेब

सॅक किती मोठी घ्यावी, याआधी ओझे किती न्यावे हा प्रश्न येतो. केंद्र सरकारच्या २०२० च्या स्कूल बॅग धोरणात मुलाच्या दप्तराचे वजन त्याच्या शरीराच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नसावे, असे म्हटले आहे. मोठ्या माणसासाठीही दहा ते पंधरा टक्क्यांचा अंदाज धरून चालण्यास हरकत नाही. सत्तर किलोच्या व्यापाऱ्यासाठी ही मर्यादा सात ते साडेदहा किलो होते. पाठीचे दुखणे आधीच असेल तर डॉक्टरांना विचारूनच ओझे उचलावे.

आता नेहमीच्या सामानाची बेरीज करू. रिकामी सॅक १ किलो. लॅपटॉप १ किलो ६०० ग्रॅम. त्याचा चार्जर ३०० ग्रॅम. पॉवर बँक ४०० ग्रॅम. भरलेली एक लिटरची बाटली १ किलो १०० ग्रॅम. नमुने आणि शेड कार्ड २ किलो. दोन जोड कपडे १ किलो २०० ग्रॅम. कागदपत्रे ४०० ग्रॅम. औषधे, साबण, टॉवेल मिळून ४०० ग्रॅम. एकूण झाले ८ किलो ४०० ग्रॅम. म्हणजे काही फाजील न घेताही आपण मर्यादेच्या मध्यावर पोहोचलो. यात जाड फोल्डर, दुसरे बूट आणि घरच्यांनी दिलेला फराळाचा डबा भरला की दहा किलो कधी होतात ते कळत नाही.

या बेरजेत सर्वांत जड वस्तू नमुन्यांची आहे. तिथेच कात्री चालवावी. पूर्ण पन्ह्याचा तुकडा नेण्याऐवजी वीतभर लांब-रुंद तुकडे कापून, मागे चिठ्ठी लावून, एका कार्डावर चिकटवले तर दोन किलोचे काम अर्ध्या किलोत होते. चिठ्ठीवर सूत, पन्हा, वजन आणि भाव लिहिलेला असावा. मोठे नमुने आधीच कुरिअरने पाठवावेत.

सॅकची मापे बाजारात लिटरमध्ये सांगतात. दोन-तीन दिवसांच्या सफरीला २५ ते ३० लिटरची सॅक पुरते. ४० लिटरची घेतली की ती भरल्याशिवाय माणसाला चैन पडत नाही आणि भरली की पाठ तक्रार करते.

कापड ओळखणे तर आपला धंदा

सॅकच्या लेबलावर ६०० डी, ९०० डी, १६८० डी असे आकडे असतात. हा 'डी' म्हणजे डेनियर. ९,००० मीटर धाग्याचे वजन जितके ग्रॅम तितका तो धागा डेनियरचा. सुती काउंटमध्ये आकडा वाढला की धागा बारीक होतो. डेनियरमध्ये उलटे आहे, आकडा वाढला की धागा जाड. ५,३१५ ला डेनियरने भागले की अंदाजे सुती काउंट मिळतो. या हिशेबाने ६०० डेनियर म्हणजे सुमारे ९ काउंट, ९०० डेनियर म्हणजे सुमारे ६ काउंट आणि १६८० डेनियर म्हणजे ३ काउंटच्या आसपास. मालेगाव-भिवंडीच्या यंत्रमागावर ६० काउंटचे सूत चालवणाऱ्याला यावरून सॅकच्या कापडाचा दणकटपणा लगेच लक्षात येईल.

मात्र नुसत्या आकड्यावर भुलू नये. पॉलिएस्टर आणि नायलॉन हे दोन वेगळे माल आहेत. सारख्याच डेनियरमध्ये नायलॉन घासण्याला आणि फाटण्याला जास्त टिकतो; पॉलिएस्टर उन्हात रंग बरा धरतो आणि स्वस्त पडतो. १६८० डेनियरमध्ये अनेकदा ८४० चे दोन धागे एकत्र केलेले असतात, त्यामुळे पोत खडबडीत आणि दाणेदार दिसतो. वीण विरळ असेल तर जाड धागाही उपयोगाचा नाही. कापड दोन्ही अंगठ्यांनी ताणून पाहावे. धागे बाजूला सरकून झिरझिरीत जागा दिसली तर ती सॅक खाली ठेवावी. पिकग्लास खिशात असेल तर प्रश्नच नाही.

यानंतर सॅक उलटी करून अस्तराच्या आतून कापडाची मागची बाजू पाहावी. तेथे पाणी अडवण्यासाठी लेप दिलेला असतो. पीव्हीसीचा लेप जाड, जड आणि ताठ असतो. पीयूचा लेप पातळ आणि मऊ. पीयूचा लेप दमट हवेत काही वर्षांनी चिकट होऊन सुटू लागतो, म्हणून कोकणात आणि मुंबईत सॅक बंद कपाटात न कोंबता हवेशीर जागी ठेवावी. दुकानदार 'वॉटरप्रूफ' म्हणाला तरी शिलाईच्या छिद्रांतून आणि चेनमधून पाणी शिरतेच. जुलै महिन्यात प्रवास करायचा असेल तर वरून घालायचे रेनकव्हर हवे आणि आत लॅपटॉपला प्लॅस्टिकची जाड पिशवीही हवी.

चेन, पट्टा आणि टाके

सॅकचे कापड फाटण्याआधी तिची चेन जाते किंवा पट्टा निघतो. चेन नंबरावर ओळखली जाते. हा नंबर म्हणजे बंद केलेल्या दात्यांची साधारण मिलिमीटरमधील रुंदी. मोठ्या कप्प्याला ८ किंवा १० नंबरची चेन असावी, लहान खिशांना ५ नंबर चालतो. जपानची वाय.के.के. ही १९३४ साली सुरू झालेली कंपनी या धंद्यात नावाजलेली आहे आणि तिचे नाव नकली चेनवरही कोरले जाते. तेव्हा नाव वाचून न थांबता चेन दहा वेळा उघडझाप करावी, विशेषतः कोपऱ्यावर. कोपऱ्यात अडणारी चेन सफरीत नक्की दगा देते. चेन मागून उसवू लागली तर पुष्कळदा दाते शाबूत असतात आणि रनर झिजलेला असतो. रनर बदलला की काम होते. पूर्ण चेन बदलण्याचा खर्च वाचतो.

पट्ट्याबद्दल एक पाहिलेली गोष्ट सांगतो. वाराणसीच्या सफरीत आमच्या एका सोबत्याच्या नव्या सॅकचा पट्टा वरच्या जोडातून निघाला. सॅक महागाची होती, कापडही उत्तम. तेथल्या एका मोच्याने ती शिवून दिली आणि जोड उघडून दाखवला. पट्ट्याचे जेमतेम अर्धा इंच टोक शिलाईत धरले होते आणि त्यावर टाक्यांची एकच ओळ होती. कापडाने दगा दिला नव्हता, धाग्यानेही नाही. शिवताना दोन इंच पट्टा आणि एक मिनिट वाचवले होते. मोची म्हणाला, "साहब, जोड में बचत नहीं करते." आमच्या मते सॅकच्या धंद्याचे सारे शहाणपण या एका वाक्यात आहे.

म्हणून घेताना पट्ट्याचे चारही जोड पाहावेत. वरच्या जोडात पट्टा आतपर्यंत घेतलेला असावा आणि त्यावर चौकटीत फुलीची शिलाई किंवा बारटॅक मशीनचे दाट टाके असावेत. खालच्या जोडात कापडाची तिकोनी पट्टी असेल तर ताण वाटला जातो. जाड कापडावर इंचात सहा ते आठ टाके पुरेसे असतात; त्याहून दाट टाके घातले तर सुई कापडाला भोके पाडून उलट कमजोर करते. धागा नायलॉनचा किंवा पॉलिएस्टरचा असावा, सुती नसावा. आतल्या कडांना पायपिंग असावी. तिथे धागे लोंबताना दिसले तर दुकानदाराची गोड बोलणी ऐकत बसू नये.

खांद्याचा पट्टा निदान अडीच-तीन इंच रुंद आणि आत फोम असलेला हवा. फोम अंगठ्याने दाबून सोडावा. खड्डा भरून आला तर ठीक. तसाच राहिला तर महिन्याभरात पट्टा चपटा होईल. छातीवरून बांधायची पट्टी असली तर गर्दीत पट्टे खांद्यावरून घसरत नाहीत.

लॅपटॉपचा कप्पा

लॅपटॉपचा कप्पा पाठीच्या बाजूला असावा. एक तर जड वस्तू कण्याजवळ राहते, दुसरे म्हणजे मागून कोणी चेन उघडली तरी त्याचा हात आधी कपड्यांवर पडतो. कप्प्याचा तळ सॅकच्या तळापेक्षा इंचभर वर टांगलेला असावा. ही गोष्ट फार कमी लोक पाहतात. कप्पा थेट तळापर्यंत गेला असेल तर सॅक जमिनीवर ठेवताच लॅपटॉपचा कोपरा फरशीवर आदळतो, मग बाजूंना कितीही फोम असो. दुकानात कप्प्यात हात घालून तळ चाचपावा. दुसऱ्या हाताने बाहेरून सॅकचा तळ दाबावा. दोन्ही हातांच्या मध्ये मोकळी जागा लागली पाहिजे.

लॅपटॉपचे इंच पडद्याच्या तिरक्या मापाने सांगतात, त्यामुळे पंधरा इंची यंत्र पंधरा इंची म्हटलेल्या कप्प्यात बसेलच असे नाही. स्वतःचे यंत्र घेऊन दुकानात जावे आणि बसवून पाहावे. कपडा शिवताना अंगाचे माप देतो तसेच हे आहे.

भरण्याची रीत

जड वस्तू पाठीलगत आणि मधल्या उंचीवर, हलक्या वस्तू बाहेर आणि तळाला, हा नियम. तळाला कपडे, पाठीला लॅपटॉप, त्याला लागून नमुन्यांची कार्डे, वर लागणाऱ्या वस्तू. मुसल्ला घडी करून सगळ्यात वर ठेवला तर गाडीत वेळेवर हाताशी येतो आणि त्यावर काही सांडत नाही. पाण्याची बाटली बाहेरच्या खिशातच असावी. लॅपटॉप आणि पाणी एका कप्प्यात, हा कापूस आणि काडीपेटी एकत्र ठेवण्याचा प्रकार आहे. वाराणसीच्या रेशमी साडीचा नमुना आणि तेलकट डबा यांनाही एकमेकांपासून दूर ठेवावे.

चार्जर आणि तारा एका लहान थैलीत बांधाव्यात. भरून झाल्यावर पट्टे असे ओढावेत की सॅकचा तळ कमरेच्या खाली लोंबणार नाही. मग घरातच दहा मिनिटे जिने चढून-उतरून पाहावे. घरात टोचणारी वस्तू स्टेशनावर जास्त टोचते.

गाडीत, बसमध्ये, विमानात

रेल्वेत स्लीपर आणि तृतीय वातानुकूलित वर्गात ४० किलोपर्यंत सामान विनाभाडे नेता येते, त्यामुळे सॅकच्या वजनाची तिथे चिंता नाही. चिंता चोरीची आहे. रेल्वे अधिनियम १९८९ च्या कलम १०० प्रमाणे प्रवाशाने स्वतःजवळ ठेवलेल्या सामानाची जबाबदारी, रेल्वे कर्मचाऱ्याची हयगय किंवा गैरवर्तन सिद्ध झाल्याखेरीज, रेल्वेवर येत नाही. म्हणजे राखण आपली आपणच करायची. खालच्या बाकाखाली साखळी अडकवण्यासाठी कड्या असतात. मोठी बॅग तिथे बांधावी, पण लॅपटॉपची सॅक डोक्याशी घेऊन तिचा एक पट्टा हातात गुंतवून झोपावे. नायलॉनच्या चेनला कुलूप लावून बेफिकीर होऊ नये. अशी चेन बॉलपेनच्या टोकाने मधूनच उघडते आणि रनर फिरवला की पुन्हा बंदही होते. चोरी झालीच तर १३९ वर फोन करावा आणि गाडीतील तिकीट तपासनिसाकडे किंवा सुरक्षा दलाच्या जवानाकडे तक्रार लिहून द्यावी.

रात्रीच्या बसमध्ये मोठे सामान डिकीत जाते. लॅपटॉपची सॅक तिथे कधीही देऊ नये. डिकीत तिच्यावर कोणाच्या भांड्यांची पेटी येईल ते सांगता येत नाही.

विमानात हिशेब वेगळा. देशातल्या देशात साध्या वर्गात सोबत नेण्याच्या बॅगेला साधारणतः ७ किलोची मर्यादा असते. वरच्या बेरजेतील ८ किलो ४०० ग्रॅममधून बाटलीतले एक लिटर पाणी काढले तर ७ किलो ४०० ग्रॅम उरतात. नमुन्यांतून अर्धा किलो कमी केला की प्रश्न सुटतो. बाटली रिकामी न्यावी आणि तपासणीनंतर आत भरून घ्यावी. तपासणीच्या वेळी लॅपटॉप बाहेर काढून वेगळ्या ट्रेमध्ये ठेवावा लागतो, म्हणून त्या कप्प्याची चेन पूर्ण उघडणारी असावी. पॉवर बँक मोठ्या सामानात देण्यास मनाई आहे. ती सोबतच न्यावी लागते आणि १०० वॅट-तासापर्यंत तिला वेगळी परवानगी लागत नाही. वॅट-तास काढण्याची रीत अशी : मिलीअँपिअरच्या आकड्याला ३.७ ने गुणून हजाराने भागावे. २०,००० ची पॉवर बँक ७४ वॅट-तासांची होते, म्हणजे मर्यादेत. आकडा पुसलेली पॉवर बँक तपासणीत अडकते, हे लक्षात असू द्यावे.

रोकड, कागद आणि हिशेबाची अमानत

सॅकमध्ये मोठी रोकड नेण्याचे दिवस गेले. १ एप्रिल २०१७ पासून एका व्यक्तीकडून एका दिवसात किंवा एका व्यवहारापोटी दोन लाख रुपये वा त्याहून अधिक रक्कम रोख स्वीकारण्यास आयकर कायद्याने मनाई आहे. निवडणुकीच्या काळात पन्नास हजारांहून अधिक रोकड सापडली आणि तिचे कागद सोबत नसले तर ती जप्त होऊ शकते. बँकेतून भरणा करावा. वाटखर्चापुरते पैसे अंगावर ठेवावेत, सॅकमध्ये नको.

नमुन्यांचे लहान तुकडे ही एक गोष्ट. पूर्ण साड्या किंवा ड्रेसचे थान पसंतीसाठी नेत असाल तर त्यांचे डिलिव्हरी चलन सोबत ठेवावे. वाटेत विचारणा झाली तर तोंडी खुलासा कामाला येत नाही.

लॅपटॉप हरवला तर दुसरा घेता येतो, त्यातला हिशेब घेता येत नाही. निघण्याच्या आदल्या रात्री साऱ्या हिशेबाची एक प्रत काढून घरी किंवा पेढीवर ठेवावी. ती प्रत त्याच सॅकमध्ये नेली तर काढण्याचा उपयोग काय? लॅपटॉपला मजबूत पासवर्ड असावा आणि आतला मजकूर सांकेतिक करून ठेवण्याची सोय चालू करावी. त्यात आपल्या गिऱ्हाईकांचे भाव आणि उधारी आहे. ती त्यांची अमानत आहे. यंत्राचा सिरियल नंबर आणि खरेदीचे बिल घरी ठेवावे. तक्रार नोंदवताना पहिल्यांदा तेच मागतात.

किमतीचा हिशेब

समजा, एक सॅक ७०० रुपयांची आहे आणि ती एक वर्ष टिकते. दुसरी २,२०० रुपयांची आहे आणि पाच वर्षे टिकते. पहिलीचा खर्च वर्षाला ७०० आणि दुसरीचा ४४०. यात पहिलीमुळे लॅपटॉपला बसलेला मार, भिजलेले नमुने आणि वाटेत वाया गेलेला दिवस धरलेला नाही. 'महंगा रोए एक बार, सस्ता रोए बार बार' ही बाजारातली जुनी म्हण आपण गिऱ्हाईकाला रोज ऐकवतो. स्वतःच्या खरेदीतही ती आठवावी. सॅक धंद्यासाठी घेत असाल तर जीएसटी नंबर घालून पक्के बिल घ्यावे आणि कराचा परतावा खात्यात घेता येईल का, ते आपल्या हिशेबनिसाला विचारावे.

कारागीर बंधूंसाठी

आता शिवणाऱ्यांकडे वळू. मुंबईत मदनपुरा आणि धारावीच्या गल्ल्यांमध्ये बॅगांचे कारखाने आहेत. एकेका खोलीत चार-सहा मशीन, बिहार-उत्तर प्रदेशातून आलेले कारागीर, नगावर मजुरी. हात इतका बसलेला की कागदी फर्मा ठेवून सॅकचे भाग कापले जातात आणि डोळ्यांदेखत सॅक उभी राहते. हुनर कुठेही कमी नाही. तरी त्यांच्या हातची सॅक अब्दुल रहमान स्ट्रीटवर दराने विकली जाते, नावाने विकली जात नाही. दुसरीकडे चीनमधील बाईगौसारखे अख्खे गाव बॅगांवर उभे आहे आणि तिथला माल जगभर जातो.

दराच्या या चढाओढीत दोन वाटा दिसतात. पहिली वाट म्हणजे प्रसिद्ध कंपनीचे खोटे लेबल लावणे. ठेकेदार सांगतो, लेबलही तोच आणून देतो आणि नगामागे चार पैसे जास्त मिळतात. पण ट्रेड मार्क्स कायदा १९९९ नुसार खोटे चिन्ह वापरल्यास किमान सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंडाची तरतूद आहे. छापा पडतो तेव्हा माल जप्त होतो, मशीन बंद होते. लेबल आणून देणारा त्या खोलीत नसतो; मशीनवर बसलेला मुलगा असतो. शिवाय चांगली सॅक शिवली तर तिचे नाव परक्या कंपनीला मिळते आणि वाईट शिवली तर गिऱ्हाईकाची फसवणूक आपल्या हाताने होते. दोन्हीकडून नुकसान आपलेच.

दुसरी वाट थोडी लांबची आहे. आपल्यासारख्या फिरत्या व्यापाऱ्याला हवी तशी सॅक आज बाजारात सहज मिळत नाही. मिळतात त्या कॉलेजच्या मुलांसाठी किंवा गिर्यारोहकांसाठी. व्यापाऱ्याला काय हवे? नमुन्यांची कार्डे सपाट राहतील असा एक ताठ कप्पा, बिलबुके दुमडणार नाहीत असा दुसरा, पिकग्लास आणि टेपसाठी लहान खिसा, पाठीच्या बाजूला कागदपत्रांचा गुप्त कप्पा, तळापासून उचललेला लॅपटॉपचा कप्पा, आतच शिवलेले रेनकव्हर आणि चारही जोडांवर फुलीची शिलाई. यातले एकही काम असे नाही जे आपल्या कारागिराला येत नाही. पट्टा दोन इंच आत घेण्यास आणि चार जोडांवर पक्के टाके घालण्यास जो जादा खर्च येतो तो कारागिराने स्वतः मांडून पाहावा. आमचा अंदाज आहे की टिकाऊपणाच्या मानाने तो फारच थोडा निघेल.

अशा सॅकवर कारागिराने आपल्या कारखान्याचे नाव लावावे, आतल्या खिशात फोन नंबराची चिठ्ठी शिवावी आणि वर्षभरात जोड सुटला तर फुकट शिवून देण्याचा शब्द द्यावा. नाव नोंदवायचे असेल तर ट्रेड मार्कची नोंदणी लहान कारखानदारालाही करता येते. दहा-बारा कारखानदारांनी एकत्र येऊन चेन, बक्कल आणि कापड घाऊक घेतले तर भावही आटोक्यात येतो. आणि आपण व्यापाऱ्यांनीही एक करावे. सुरत, वाराणसी, ईरोडला जाणारे एकाच बाजारपेठेतले वीस-पंचवीस व्यापारी मिळून एका कारखान्याला तशी ऑर्डर द्यावी आणि रक्कम वेळेवर चुकती करावी. कारागिराला उपदेश नको असतो, त्याला पक्की ऑर्डर आणि वेळेवर पैसा हवा असतो.

ज्याच्या हातात कापड पारखण्याची कला आहे आणि ज्याच्या हातात कापड शिवण्याची, ते दोघे एकाच मोहल्ल्यात राहतात आणि एकमेकांशी धंदा मात्र करत नाहीत. पुढच्या सफरीला नवी सॅक लागणार असेल तर दुकानात जाण्याआधी एकदा कारखान्याच्या गल्लीत चक्कर मारावी. कापड आपण पसंत करावे, जोड त्याच्याकडून आपल्यासमोर शिवून घ्यावेत आणि भाव ठरवताना मोच्याचे ते वाक्य दोघांनीही लक्षात ठेवावे.